कट्ट्यावरच्या मित्राला अडवायचं कसं

हा लेख पुरुषांसाठी आहे. तुमच्या मित्रांत एखादा तरी असा असणारच. टपरीसमोरून जाणाऱ्या प्रत्येक मुलीला दहापैकी मार्क देणारा, ऑफिसातल्या कुणाचा डीपी झूम करून ग्रुपवर टाकणारा, नाहीतर चारचौघांत बायकोला 'तुला काय कळतंय, तू आत जा' म्हणणारा. मित्र म्हणून तो वाईट नसतो. रात्री दोनला गाडी बंद पडली तर तोच दोरी घेऊन येतो. म्हणूनच त्याला काही बोलायची वेळ आली की आपली जीभ टाळूला चिकटते.

मी पहिल्यांदा बोललो ते साफ चुकलो. २०१६ सालचा आठ मार्च. आमच्यातल्या एकाने (त्याला आपण बंड्या म्हणू) सकाळी ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि 'नारीशक्तीला वंदन' टाकलं, आणि दुपारी जेवणानंतर भलताच व्हिडिओ. माझं डोकं फिरलं. मोबाइलवर दीड पानाचं भाषण टाइप केलं, पाठवलं आणि ग्रुप सोडला. संध्याकाळी टपरीवर गेलो तर सगळे उभे राहून हात जोडून म्हणाले, 'या महर्षी!' आम्ही राहायचो कर्वेनगरला, त्यामुळे हे नाव फुकटातच पडलं. खऱ्या महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. मला नुसता चहा पाजून हसले. तिसऱ्या दिवशी मी परत ग्रुपमध्ये, आणि व्हिडिओ चालूच.

त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत जे चुकलं आणि जे थोडंफार जमलं, ते पायऱ्या करून खाली लिहितोय. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती आधीच सांगतो. बंड्या बोलायचा बंड्यासाठी नाही, तो आमच्या हशासाठी बोलायचा. त्यामुळे माझं निम्मं काम बंड्याकडे नव्हतंच, ते हसणाऱ्या बाकीच्या पाच जणांकडे होतं.

सुरुवातीला काय काय लागेल

- पाठ केलेली दोन-तीन छोटी वाक्यं. ऐनवेळी सुचत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.
- ग्रुपमधला एक साथीदार. दोन असतील तर उत्तम, पण एक पाहिजेच.
- ज्याच्याशी बोलायचंय त्याच्यासोबत एकटं असण्याचं निमित्त. गाडीवरून जाणं, जिम, गावाकडचा प्रवास, काहीही.
- मोबाइलमध्ये सेव्ह केलेले दोन नंबर: ११२ (तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन).
- काही महिने. आठवड्यात फरक पडेल असं वाटत असेल तर नाद सोडा.

१. आधी स्वतःचं चॅट उघडा

व्हॉट्सॲपमध्ये सर्चची सोय आहे. तिथे 'माल', 'आयटम', 'फटाका' असे शब्द टाका आणि त्यात तुमचे स्वतःचे मेसेज किती आहेत ते बघा. मी बघितले. २०१४ सालचा एक मेसेज निघाला. वर्गातल्या एका मुलीच्या जीन्सबद्दल कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं आणि खाली माझे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन इमोजी. ती मुलगी माझी प्रॅक्टिकलची पार्टनर होती. तिच्याच जर्नलवरून मी सबमिशन उतरवलं होतं.

हे कशासाठी करायचं? तुम्ही तोंड उघडलं की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी 'तू काय कमी होतास का रे' म्हणणार. तेव्हा 'नव्हतो' म्हणायची सोय नसते. 'मीही लिहायचो, आता लाज वाटते' एवढं म्हणता आलं की त्या प्रश्नातली हवा जाते. हे आधी आरशासमोर म्हणून बघा. सोपं नाहीये.

२. नक्की काय चाललंय ते ओळखा

सगळ्याला एकच औषध लावलं की घोटाळा होतो. माझ्या हिशेबाने पाच प्रकार आहेत. समोर नसलेल्या बाईबद्दल वाह्यात बोलणं. रस्त्यावर समोरच्या बाईला शेरे मारणं. फोटो, व्हिडिओ, स्क्रीनशॉट फिरवणं. एखादीने नाही म्हटल्यावरही मागे लागणं. आणि पाचवा, ज्याला आपण मोजतच नाही तो: स्वतःच्या बायकोचा, बहिणीचा किंवा मैत्रिणीचा चारचौघांत पाणउतारा. पहिल्यासाठी टपरीवरचं एक वाक्य पुरतं. चौथ्यासाठी ते पुरत नाही, तिथे मैत्रीच्या भानगडीत वेळ घालवणं धोक्याचं असतं.

३. साथीदार आधी जोडा

कुठल्याही टोळक्यात एकजण असतो जो जोक झाला की हसत नाही, मोबाइलमध्ये बघतो. किंवा हसतो, पण अर्धा सेकंद उशिरा. तो तुमचा माणूस. त्याला वेगळं गाठा आणि सरळ विचारा: 'काल बंड्या जे बोलला ते तुला पटलं का?' दहापैकी आठ वेळा उत्तर येतं, 'नाही रे, पण कोण बोलणार?' झालं. आता तुम्ही दोघं आहात.

त्याच्याकडून मागायचं काय, तर फार थोडं. मी काही बोललो की तू नुसतं 'हो ना' म्हण. भाषण नको, बाजू घेणं नको. एकटा बोलतो तो 'सोज्वळ' ठरतो. दोघं बोलले की तिसरा विचारात पडतो. आमच्यातल्या गप्प माणसाने पहिल्यांदा 'हो ना' म्हटलं तेव्हा त्याच्या हातातला चहा हिंदकळला होता. नऊ वर्षं तो आमच्यात होता, आणि त्या विषयावर त्याचा आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

४. हशा काढून घ्या

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा लागते, म्हणून सविस्तर.

वाह्यात जोकला पेट्रोल लागतं ते समोरच्यांच्या हसण्याचं. पहिलं काम म्हणजे हसायचं नाही. कसनुसं, तोंडदेखलं, 'जाऊ दे आपला मित्र आहे' टाइपचंही हसायचं नाही. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण चेहरा आपोआप हसतो. मी तेव्हा चहाचा घोट घ्यायचो. तोंडात चहा असला की हसता येत नाही. चहा नसेल तर बिस्कीट.

दुसरं काम, जोकचा अर्थ विचारायचा. आमच्या टपरीवर घडलेलं सांगतो. बंड्याच्या ऑफिसात एका बाईंना प्रमोशन मिळालं. बंड्या क्रीमरोल चहात बुडवता बुडवता म्हणाला, 'कसं मिळालं ते आपल्याला माहितीये,' आणि डोळा मारला.

मी म्हटलं, 'कसं मिळालं?'

'अरे कळतं की.'

'मला नाही कळलं. सांग ना.'

'जाऊ दे रे.'

'नाही, सांग. काम चांगलं केलं म्हणून मिळालं असेल ना?'

क्रीमरोलचं टोक तुटून चहात पडलं. ते चमच्याने काढण्यात बंड्याने अर्धा मिनिट घालवला. तेवढ्यात साथीदार म्हणाला, 'त्या प्रोजेक्टच्या वेळी ती दोन रात्री ऑफिसात होती, तूच सांगितलं होतंस.' विषय मॅचवर गेला. कुणी रागावलं नाही, कुणी कुणाला काही शिकवलं नाही. सूचकपणे बोललेल्या गोष्टीचं गुपित उघड करून मागितलं की बोलणाऱ्याला ते उच्चारता येत नाही, एवढीच त्यातली मेख.

हाताशी ठेवायची वाक्यं, आमच्या टपरीवर चाललेली:

- 'म्हणजे? समजलं नाही.'
- 'तिला नाव आहे की.' (कुणी 'तो आयटम' वगैरे म्हटलं की.)
- 'बास रे, चहा कडू लागतोय.'
- 'हे तिच्यासमोर बोलशील का?'
- 'भावा, हे तुला शोभत नाही.' (हे वर्षातून एकदाच वापरा. रोज वापरलं की गुळगुळीत होतं.)

तुमच्या गावची, तुमच्या बोलीतली वाक्यं शोधा. कोल्हापूरच्या पोराने पुणेरी थाटात 'हे अयोग्य आहे' म्हटलं तर पुढचे सहा महिने त्याला त्याच वाक्याने हाक मारतील. आणि वाक्य बोलून झाल्यावर थांबा. दुसरं बोलायला जाल तर भाषण होतं, आणि भाषणाचं काय होतं ते वर लिहिलंय.

सापळा: 'तुझ्या आईबहिणीला कुणी असं म्हटलं तर?' आपल्याकडे हे पहिलं तोंडात येतं. वापरू नका. एक तर समोरचा भडकतो, 'आईबहिणीवर जायचं नाही' म्हणून भांडण भलतीकडे जातं. दुसरं, त्यातून असा अर्थ निघतो की जी कुणाची तरी आई-बहीण आहे तिलाच मान, बाकीच्या मोकळ्या. बंड्याने मला तोंडावर सांगितलं होतं, 'ती माझी बहीण नाही ना पण.' माझ्याच वाक्याने मी पडलो.

५. शिव्यांपासून सुरुवात करू नका

अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. मला तो ठराव मनापासून आवडला, कारण आपल्या शिव्यांत भांडण दोन पुरुषांचं असतं आणि अब्रू तिसऱ्याच बाईची जाते. पण ते सगळ्या गावाने मिळून केलं. टपरीवर तुम्ही एकट्याने शिव्यांवर बंदी आणायला गेलात तर पोरं मुद्दाम तुमच्या कानात देतील. आमच्या इथे शिव्या आपोआप थोड्या कमी झाल्या, त्याही इतर गोष्टी सुधारल्यावर. स्वतःच्या तोंडातल्या मात्र आजपासून कमी करा. मला क्रिकेट बघताना अजून जमत नाही.

६. रस्त्यावर: आधी ती, मग मित्र

विसर्जनाची मिरवणूक, दहीहंडी, जत्रा, लोकल, कॉलेजचं गेट. मित्राने कुणाला शेरा मारला, धक्का दिला, वाट अडवली. इथे अर्थ विचारत बसायचं नाही. क्रम असा:

मित्राचा दंड धरा आणि त्याला बाजूला घ्या. तुम्ही त्याच्या आणि तिच्या मधे उभे राहा, तोंड मित्राकडे, पाठ तिच्याकडे. ती मोकळी होऊन निघून जाईल एवढी वाट द्या. 'सॉरी ताई' म्हणायचं तर एकदाच म्हणा. तिने आपल्याकडे बघावं, हसावं, थँक यू म्हणावं ही अपेक्षा धरू नका; तिच्या दृष्टीने तुम्हीही त्याच टोळक्यातले आहात आणि ते खरंच आहे. तिच्यामागे जाऊन 'तो तसा नाहीये हो' असं समजावायला तर अजिबात जाऊ नका. एकदा मी गेलो होतो. ती रस्ता ओलांडून पळाली.

मित्र दारू प्यायलेला असेल तर वाद घालू नका, त्याला रिक्षात कोंबा. आवरत नसेल, हात टाकत असेल तर ११२ लावा. हो, आपल्याच मित्रासाठी. शेरेबाजीचं 'छेडछाड' हे लाडकं नाव आपण ठेवलंय, कायद्यात त्याला कलमं आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ७५ खाली लैंगिक शेरेबाजीला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि कलम ७९ खाली बाईचा विनयभंग करण्याच्या हेतूने केलेल्या शब्दाला किंवा हावभावाला तीन वर्षांपर्यंत. हे आकडे मित्राला दुसऱ्या दिवशी, शुद्धीत असताना सांगा.

७. ग्रुप आणि फोटो

टपरीवरचं बोलणं हवेत जातं, ग्रुपवरचं राहतं. त्यामुळे इथे जरा सावकाश.

साधा वाह्यात फॉरवर्ड आला तर ग्रुपवर एकच ओळ: 'हे नको रे इथे.' मग त्याला वेगळा मेसेज. साथीदाराला सांगून ठेवा की त्या ओळीखाली त्याने अंगठा द्यायचा. तुम्ही ॲडमिन असाल तर कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, ते बटण वापरा. ॲडमिन मित्र 'माझ्यावर केस होईल' म्हणून घाबरवत असेल तर त्याला सांगा की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात निकाल दिलाय: सदस्याच्या मेसेजसाठी, दोघांचा मिळून तसा हेतू असल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. पण हेच ऐकून एखादा ॲडमिन 'मग मला काय' म्हणत हात झटकतो, त्याला चहावर गाठा.

आता खरं कठीण. मित्राने गर्लफ्रेंडचा, पूर्वीच्या मैत्रिणीचा किंवा आणखी कुणाचा खासगी फोटो टाकला. 'तिनेच पाठवलाय' हे वाक्य हमखास येतं. तिने त्याला पाठवला, तुम्हा सात जणांना नाही. न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये हे स्पष्टच आहे: खासगी क्षणाचं चित्र काढायला बाईची संमती असली, पण पसरवायला नसली, तरी पसरवणं हा गुन्हा. पहिल्यांदा सिद्ध झाला तर एक ते तीन वर्षं कैद. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ई, ६७ आणि ६७ए ही कलमं आहेतच. पुढे ढकलणाराही सुटत नाही.

असं झालं तर करायची कामं:

- फोटो पुढे पाठवू नका. 'बघ ना याने काय टाकलंय' म्हणून बायकोला किंवा दुसऱ्या मित्राला दाखवणं हेही पसरवणंच आहे.
- पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्या. पुढे तक्रार झाली तर ते लागतं.
- ग्रुपवर लिहा: 'हा फोटो सगळ्यांनी आत्ता डिलीट करा, गॅलरीतूनही.' ऑटो-डाउनलोड चालू असतं, चॅटमधून काढला तरी गॅलरीत राहू शकतो. हे नव्वद टक्के पोरांच्या लक्षात येत नाही. (टक्केवारी माझ्या कट्ट्याची आहे.)
- ज्याने टाकला त्याला फोन करा. मेसेज नाही, फोन.
- त्या बाईला कळवायचं का? माझं मत, हो. फोटो तिचा आहे, पुढे काय करायचं हे तिने ठरवायचं. पण कळवण्याचं काम तिच्या ओळखीच्या, शक्यतो बाईमाणसाकडून व्हावं, आणि सोबत हे सांगावं की साक्ष द्यायची वेळ आली तर मी देईन.

तिला दोन गोष्टी उपयोगी पडतील. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रियांसंबंधीच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. आणि 'स्टॉप एनसीआयआय' ही साइट तिच्या मोबाइलवरच फोटोचा डिजिटल ठसा बनवते, फोटो कुठेच अपलोड होत नाही. त्या ठशावरून सहभागी समाजमाध्यमं तो फोटो ओळखून रोखतात. हे अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि तिने स्वतः करायचं असतं.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर वरची सगळी चर्चा बाद. तिथे पॉक्सो कायदा लागतो, माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, आणि तसा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवणं तुमच्यावरही शेकू शकतं. मित्रबित्र विसरा, पोलीस ठाण्यात जा.

८. एकटं गाठून बोलणं

टपरीवर अडवलं की मित्र थांबतो. बदलायचा असेल तर तो एकट्यात बदलतो, सगळ्यांसमोर नाही. समोरासमोर बसून 'मला तुझ्याशी बोलायचंय' म्हणू नका. पोरी ब्रेकअप करायच्या आधी म्हणतात तसं वाटतं. पुरुष शेजारी-शेजारी असले की जास्त बोलतात: गाडीवर पुढे-मागे, कारमध्ये, क्रिकेट बघताना.

मी आणि बंड्या साताऱ्याहून येत होतो. खंबाटकीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता आणि आम्ही दोघं त्याकडे बघत उभे. मी म्हटलं, 'परवा तू त्या बाईंबद्दल बोललास ना, मला नाही आवडलं. तू बाकी असा नाहीयेस.' तो म्हणाला, 'मस्करी होती रे.' मी म्हटलं, 'माहितीये. तरी नाही आवडलं.' बराच वेळ तो बुडबुड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'आमच्या घरी बाबा आईला असंच बोलतात, त्याचं काही वाटत नाही आता.' मी काहीच म्हटलं नाही. काय म्हणायचं असतं? पंक्चरवाल्याचे पैसे त्याने दिले.

यातलं वापरण्यासारखं एवढंच: काय बोलला ते नेमकं सांगा ('तू नेहमीच असा' नको), मला कसं वाटलं ते सांगा, आणि त्याने मस्करीचा बचाव केला की त्याच्याशी भांडू नका, फक्त आपलं वाक्य परत म्हणा. माफी मागून घ्यायची नाही. मागितली तर तुमच्याकडे मागून काय उपयोग, तुम्हाला थोडीच काही बोलला होता.

९. मित्राची बायको

हा प्रकार मला सर्वांत अवघड गेला. घरी जेवायला बोलावतो, वहिनी चार तास ओट्यापाशी, आणि पोळी जरा जाड झाली की सगळ्यांसमोर, 'हिला एवढंही जमत नाही.' वहिनी हसतात. आपणही हसतो. तिथे मित्राला झाडलं तर आपण निघून आल्यावर राग निघतो तो वहिनींवर. म्हणून सगळ्यांसमोर भांडण टाळा. मी करतो ते असं: पोळीला पोळीपुरतं उत्तर, 'मस्त झाल्यात, अजून एक वाढा, नाहीतर मीच घेतो.' उठून स्वयंपाकघरात जायचं, पाणी भरायचं, ताटं उचलायची, मित्रालाही हाक मारायची, 'ये रे, ताटं घे.' बाकी बोलणं आठव्या पायरीने, दुसऱ्या दिवशी.

हातापायीवर गोष्ट गेल्याचा संशय असेल तर मात्र मित्राला विचारू नका. तुमच्या बायकोने किंवा बहिणीने वहिनींना एकटं गाठून विचारावं आणि १८१ नंबर द्यावा. तोंडी. कागदावर लिहिलेला सापडू शकतो.

१०. उलटून येणारे बाण

'आला मोठा संत.' उत्तर: 'संत नाही, तुझाच मित्र आहे.'

'बायकोचा बैल.' याला उत्तर नाही, चहा प्यायचा. चिडलात की ते नाव कायमचं.

'मुलीपण शिव्या देतात आजकाल.' देतात. 'मग त्यांना त्यांच्या मैत्रिणी बोलतील, आपण आपलं बघू.'

'महाराजांचा मावळा आहे मी.' आमच्यातल्या एकाच्या गाडीच्या मागच्या काचेवर महाराजांचं मोठं स्टिकर आहे, आणि त्याच गाडीतून तो हॉर्न वाजवून मुलींना वळायला लावायचा. एकदा मी विचारलं, 'रांझ्याच्या पाटलाचं काय केलं महाराजांनी?' हातपाय तोडल्याची गोष्ट त्याला चौथीपासून पाठ होती. त्याने हॉर्नवरचा हात काढला. हे अस्त्र एकदाच चालतं. दुसऱ्या वेळी मी काढलं तेव्हा तो म्हणाला, 'प्रत्येक वेळी महाराजांना कशाला आणतो?' आणि त्याचं बरोबर होतं.

सापळा: आपल्याला मजा यायला लागते. चारचौघांत मित्राला गप्प केल्याची एक नशा असते. ती चढली की आपण बायकांसाठी बोलत नसतो, स्वतःच्या टाळीसाठी बोलत असतो. एखाद्या मुलीसमोर भाव खाण्यासाठी मित्राला झापणं हे त्याच जातीतलं. माझ्या साथीदाराने मला एकदा यावरून सुनावलंय.

११. 'तू मध्यस्थी कर' म्हणाले तर

मित्र एखादीच्या मागे लागला. तिने ब्लॉक केलं, तो दुसऱ्या नंबरवरून मेसेज करतो, तिच्या सोसायटीखाली उभा राहतो. आपल्याकडे याला 'खरं प्रेम' म्हणून कट्टा साथ देतो, तिचा नवा नंबर शोधून देतो, ती कुठे गेली ते कळवतो. हा पाठलाग आहे. कलम ७८, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच. नंबर देऊ नका, गाडी देऊ नका, सोबत जाऊ नका. मित्राला हे तोंडावर सांगा: 'यात मी नाही, आणि तिने विचारलं तर खरं सांगणार.'

तक्रार झाली की रात्री फोन येतो, 'तू तिला समजव, केस मागे घ्यायला सांग, पोराचं करिअर आहे.' जाऊ नका. त्याच्या आईचा फोन आला तरी जाऊ नका. मुलीच्या दारात 'मिटवून घेऊ' म्हणत उभे राहणारे चार चांगले मित्र तिच्यासाठी त्या एकाइतकेच भीतीदायक असतात, आणि साक्षीदारावर दबाव म्हणून तुमचंही नाव लागू शकतं. मित्राला वकील बघून द्या, डबा पोचवा, सोबत ठाण्यात बसा. तेवढी मैत्री पुरे.

एकट्याने हे सगळं रेटायचा कंटाळा आला तर मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३ पासून पुरुषांबरोबर याच विषयावर काम करते, कॉलेजच्या पोरांची शिबिरं घेते. पोरांना पोरांनीच सांगितलेलं पचतं, हे त्यांनी आमच्या कितीतरी आधी ओळखलं.

आमच्या कट्ट्याचं पुढे काय झालं

सातातले पाच उरले. बंड्या आहे. परवा रात्री त्याने ग्रुपवर काहीतरी टाकलं आणि मी उघडेपर्यंत तिथे 'हा मेसेज डिलीट केला गेला' एवढंच होतं. कुणी विचारलं नाही. एकाची बदली बंगळूरला झाली. आणि आमच्याही ग्रुपवर फोटोचं एक प्रकरण झालं होतं, त्यात ज्याला मी फोन केला होता, तो त्यानंतर टपरीवर आलाच नाही. त्याची गाडी कधीकधी समोरून जाते, हात करत नाही.

गेल्या मे महिन्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मात्र घरी आली. गेलो. बुफे नव्हता, पंगत होती, आणि तो स्वतः वाढत होता. माझ्यापाशी आला तेव्हा क्षणभर थांबला, मग पानात दोन जिलब्या टाकत म्हणाला, 'घ्या महर्षी.'